गाडीचं तोंड नेमकं कुठे? थांबा-फलक रेल्वेच्या डेटात कसे नोंदवावेत

मुंबई उपनगरी मार्गांवर १२ आणि १५ डब्यांच्या लोकल धावतात. मोटरमनला गाडी कुठे उभी करायची हे कळावं म्हणून फलाटावर डब्यांच्या आकड्याची पाटी, म्हणजेच थांबा-फलक, असते. गाडीचं तोंड त्या पाटीशी आलं की मागचे सगळे डबे फलाटाला लागतात. प्रवाशांसाठी लावलेले डबादर्शक वेगळे. एस-४ किंवा बी-२ कुठे येईल एवढंच ते सांगतात, गाडी थांबवण्याशी त्यांचा संबंध नाही. नवशिक्यांच्या नोंदीत या दोन पाट्यांची गल्लत फार होते.

हाच विषय जर्मनीच्या संदर्भात शिकणं सोपं जातं. तिथे या पाटीला नियमपुस्तकात स्वतःचं नाव आणि क्रमांक आहे, आणि रेल्वेचा डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीची ‘रेलएमएल’ ही एक्सएमएल-पद्धतही तिथेच रुजली. म्हणून खालची उदाहरणं जर्मन पाटीची आहेत. भारताचा उल्लेख जिथे खरोखर फरक पडतो तिथेच येईल.

एक सूचना आधीच. घटकांची (फाइलमधल्या नोंदींच्या प्रकारांची) आणि खुणांची (नकाशावरच्या टॅगची) नावं या लेखात देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत जातात, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी ठेवून, आणि आकडेही इंग्रजी. दशांशचिन्ह टिंबच हवं. जर्मन संगणकावरच्या एक्सेलमधून आलेला ‘११४२,५’ असा स्वल्पविरामाचा आकडा तपासणीत लगेच नापास होतो, आणि चूक कुठे आहे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

पाटी म्हणजे थांबण्याची जागा नव्हे

जर्मन पाटीचं नाव ‘एनई ५’. उभ्या आयताकृती पांढऱ्या फलकावर काळा ‘एच’, किंवा काळ्यावर पांढरा. अर्थ एवढाच: थांबा असलेल्या गाडीचं तोंड इथे. गाडीने थांबावं की नाही, हे ही पाटी सांगत नाही. ते वेळापत्रक आणि सिग्नल ठरवतात. बसथांब्याचा ‘एच’ गोल, पिवळ्यावर हिरवा असतो. फोटोवरून काम करणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

पाटीखाली बहुधा एक जोडफलक असतो. त्यावर ‘२१०’ असा मीटरमधला आकडा असतो, किंवा एस-बान या शहरी रेल्वेवर ‘कुर्त्सत्सूग’, ‘फोलत्सूग’, ‘लांगत्सूग’ असे शब्द: छोटी, पूर्ण आणि लांब गाडी.

म्हणजे जमिनीवर दिसते एक वस्तू, खांबावरचा पत्रा. तिच्यामागे असतो एक नियम: अमुक दिशेने येणाऱ्या, अमुक लांबीपर्यंतच्या गाडीचं तोंड अमुक बिंदूवर. वस्तू गंजते, हलवली जाते, झाडाआड लपते. नियम पाटीशिवायही असू शकतो. मुंबई मेट्रो ३ वर फलाटाच्या कडेला काचेची दारं आहेत. गाडीचं दार त्यांच्याशी जुळावंच लागतं, मग खांबावर पाटी असो वा नसो. उलट, वापरातून गेलेल्या फलाटावर पाटी शिल्लक असते आणि नियम संपलेला असतो. नोंद करताना दर वेळी स्वतःला विचारा: मी आत्ता पत्रा लिहितो आहे की नियम? पुढच्या निम्म्या अडचणी या प्रश्नाचं उत्तर न देता काम सुरू केल्याने येतात.

कोणत्या पद्धतीत काय बसतं

रेलएमएल २ मध्ये ‘स्टॉपपोस्ट’ नावाचा घटक आहे. तो रुळाच्या नोंदीत, सिग्नल आणि बलीज (गाडीला माहिती देणारी रुळातली उपकरणं) असतात त्याच ‘ओसीएसएलिमेंट्स’ या गटात येतो. पत्रा आणि नियम दोन्ही त्यातच कोंबलेले असतात. वापरायला सोपं, पण एका खांबावर दोन फलक आले की ओढाताण सुरू होते.

रेलएमएल ३ ची पहिली आवृत्ती, ३.१, फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. तिने ही ओढाताण मिटवली. पत्रा ‘सिग्नलआयएस’ मध्ये जातो आणि नियम ‘स्टॉपिंगप्लेस’ मध्ये. नव्याने सुरुवात करणाऱ्याने, समोरच्या पक्षाची अट नसेल तर, ३ घ्यावी. अर्थात अट बहुधा असतेच. वेळापत्रकाची बरीच सॉफ्टवेअर अजून २ च मागतात. दोन्हींचे साचे (फाइलची रचना ठरवणारे स्कीमा) फुकट मिळतात, पण नोंदणी करूनच.

तिसरा पर्याय ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे कोणीही भर घालू शकेल असा मुक्त नकाशा. तिथे साचा नाही, फक्त खुणा आहेत. रेल्वेनकाशा करणाऱ्यांनी त्यांचा संकेत ठरवून ठेवला आहे. त्याबद्दल शेवटी.

पायरी १: मोजणी

लागणाऱ्या गोष्टी: रुळाचा आराखडा किंवा फलाटाच्या दोन्ही टोकांची किलोमीटर-नोंद, मोजणीचं चाक किंवा ५० मीटरची टेप, आणि पाटीचा समोरून व बाजूने फोटो. मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. उघड्यावर ५ मीटरची चूक सहज होते, छपराखाली त्याहून जास्त. डब्याचं दार त्याहून बरंच अरुंद असतं, हे डोळ्यासमोर ठेवा.

मोजणी फलाटाच्या टोकापासून पाटीपर्यंत, फलाटावर उभं राहूनच करायची. रुळात उतरायचं नाही. पाटी रुळापासून दोन-तीन मीटर बाजूला असली तरी नोंद रुळावरच्या बिंदूची होते: पाटीपासून रुळाच्या मध्यरेषेवर काटकोनात सोडलेला लंब जिथे पडतो, तो बिंदू. पाटी समोरच्या फलाटावर किंवा छपराला टांगलेली असली तरी हेच.

जर्मन मुख्य मार्गांवर हेक्टोमीटरचे फलक दर २०० मीटरवर असतात. वर किलोमीटर, खाली शंभर मीटरचा आकडा. पडताळणीसाठी ते उत्तम, पण आंधळा विश्वास नको. मार्ग सरळ करताना किंवा वळवताना किलोमीटर-मोजणीत उडी राहिलेली असते. दोन फलकांमधलं खरं अंतर १८० मीटर असू शकतं किंवा २३०. रेलएमएल २ मध्ये यासाठी दोन वेगळे आकडे आहेत. ‘पॉस’ म्हणजे रुळाच्या सुरुवातीपासूनचं खरं अंतर मीटरमध्ये. ‘अ‍ॅब्सपॉस’ म्हणजे फलकावर वाचलेली किलोमीटर-मोजणी. उडी असेल तर ती ‘माइलेजचेंज’ मध्ये लिहायची. दोन्ही आकडे सारखेच भरले आणि मार्गात उडी असली, तर पाटी कागदावर फलाटाबाहेर जाते.

पायरी २: दिशा

रेलएमएल २ मध्ये ‘डिर’ या गुणात (गुण म्हणजे घटकाला जोडलेलं नाव-मूल्य) ‘अप’ म्हणजे रुळाच्या नोंदलेल्या सुरुवातीकडून शेवटाकडे, ‘डाउन’ म्हणजे उलट. इथे भारतीय वाचकाचा हमखास घोटाळा होतो. आपल्याकडे मुंबईकडे येणारी गाडी अप. फाइलमधल्या ‘अप’चा त्याच्याशी काहीही संबंध नाही. रूळ ज्याने रेखाटला त्याने सुरुवात कुठे धरली, यावर ते अवलंबून आहे. शेजारच्या दोन रुळांत तो उलटाही असू शकतो.

रेलएमएल ३ मध्ये तेच काम ‘अ‍ॅप्लिकेशनडायरेक्शन’ करतं, ‘नॉर्मल’ आणि ‘रिव्हर्स’ या शब्दांनी. अप-डाउनच्या ओझ्यातून तेवढी तरी सुटका.

थांबा-फलकाला ‘दोन्ही दिशा’ असं मूल्य जवळपास कधीच देऊ नये. दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांचं तोंड एकाच बिंदूवर येत असेल, तर त्यातली किमान एक गाडी फलाटाबाहेर उभी राहील. अपवाद फलाटाच्या मधोमध थांबणाऱ्या अगदी छोट्या रेलबसचा.

पायरी ३: लांबी

एस-बानचं एक उदाहरण घेऊ. ‘बाउराइहे ४२३’ (बाउराइहे म्हणजे मालिका) हा तिथला परिचित संच, म्हणजे कायम जोडलेल्या डब्यांची गाडी. एक संच ६७.४ मीटर लांब. दोन जोडले की सुमारे १३५, तीन जोडले की सुमारे २०२ मीटर. फलकांवरची लांबी म्हणून ७०, १४० आणि २१० धरायची.

आता मनातला एक फलाट: रुळाच्या सुरुवातीपासून १००० ते १२१५ मीटर, जिना बरोबर मध्ये, म्हणजे ११०७.५ वर. छोटी गाडीही जिन्यासमोर यावी म्हणून तिन्ही गाड्या मध्यावर उभ्या करायच्या आहेत. ‘अप’ दिशेची तोंडं अशी येतील:

७० मीटर: ११४२.५
१४० मीटर: ११७७.५
२१० मीटर: १२१२.५

‘डाउन’ दिशेला अनुक्रमे १०७२.५, १०३७.५ आणि १००२.५. एकूण सहा पाट्या, सहा नोंदी. पहिली नोंद अशी दिसेल:

स्टॉपपोस्ट, आयडी एसपी_अप_७०, पॉस ११४२.५, डिर अप, ट्रेनलेंग्थ ७०, प्लॅटफॉर्मएजरेफ (फलाटाच्या कडेच्या नोंदीचा आयडी) पीई_१

आयडी अक्षराने किंवा अधोरेषेने सुरू व्हायला हवा. ‘७०_अप’ चालत नाही, कारण एक्सएमएलचा आयडी आकड्याने सुरू होत नाही. देवनागरी आयडी नियमात बसतो, पण जुनी सॉफ्टवेअर त्यावर गळपटतात. साधी रोमन अक्षरं ठेवा आणि मराठी नाव ‘नेम’ मध्ये लिहा.

‘ट्रेनलेंग्थ’चा अर्थ नीट समजून घ्या. ७० म्हणजे ‘७० मीटरचीच गाडी’ नव्हे. ‘७० मीटरपर्यंतची गाडी’. म्हणून पाटी निवडण्याचा नियम असा: त्या फलाटाच्या कडेवर, त्या दिशेला, गाडीच्या लांबीइतका किंवा तिच्याहून मोठा असा सर्वांत लहान आकडा. १३५ मीटरच्या गाडीला १४० ची पाटी मिळेल. ७५ मीटरची गाडी आली तर तिलाही १४० चीच. ७० च्या पाटीवर थांबली तर जिन्याशी राहील खरी, पण नियमात बसणार नाही.

आकडा नसलेली, नुसती ‘एच’ची पाटी असेल तर ‘ट्रेनलेंग्थ’ रिकामं सोडा. शून्य लिहू नका, ९९९ तर मुळीच नको. शून्य लिहिलं की त्या पाटीवर थांबणारी गाडीच उरत नाही. ९९९ लिहिलं की सॉफ्टवेअर निमूटपणे एक किलोमीटरची गाडी २१५ मीटरच्या फलाटावर उभी करतं आणि तक्रारही करत नाही.

पाटीवर ‘कुर्त्सत्सूग’ असा शब्दच असेल तर? तो शब्द ‘व्हर्बलकन्स्ट्रेंट्स’ मध्ये जसाच्या तसा लिहा. आकडा मात्र त्या मार्गावर प्रत्यक्ष धावणाऱ्या संचावरून ठरवा, कारण ‘छोटी गाडी’ किती मीटरची हे प्रत्येक शहरात वेगळं. आकडा कशावरून घेतला ते शेजारी टिपून ठेवा. संच बदलला की तो आकडा बदलावा लागतो, आणि तेव्हा टिपण नसेल तर कोणालाच काही आठवत नाही.

डबे मोजायचे की मीटर?

‘वॅगनकाउंट’ आणि ‘अ‍ॅक्सलकाउंट’ हे गुणही आहेत. मुंबईची ‘१२’ची पाटी नोंदवायची तर ‘वॅगनकाउंट’ बारा, हे सरळ आहे, कारण तिथे लोकलचे डबे साधारण एकाच मापाचे. इतरत्र डबे मोजणं फसवं ठरतं. भारतातला आयसीएफ डबा बफरसकट सुमारे २२.३ मीटर, एलएचबी डबा कपलरसकट सुमारे २४. चोवीस आयसीएफ डबे म्हणजे ५३५ मीटर. बावीस एलएचबी म्हणजे ५२८. डब्यांचा आकडा दोनाने कमी, लांबी जवळजवळ तेवढीच. आयसीएफच्या काळात लावलेली ‘२४’ची पाटी चोवीस एलएचबी डब्यांना लागू केली तर शेवटचे डबे फलाटाबाहेर राहतात. ब्रिटनमध्येही डब्यांच्या आकड्याच्या पाट्या आहेत, आणि तिथले डबे २०, २३ आणि २६ मीटर अशा तीन मापांत येतात.

पाटीवर डब्यांचा आकडा असेल तर तोच नोंदवा, पण शक्य असेल तिथे मीटरही भरा. आकड्यात इंजिन धरलं आहे की नाही तेही विचारा. इंजिन वेगळं असलेल्या गाडीत ‘२२’ म्हणजे डबेच, इंजिनाचे सुमारे २० मीटर त्याच्यापुढे.

पायरी ४: पडताळणी

सगळं भरून झालं की प्रत्येक नोंदीवर ही वजाबाकी चालवा. ‘अप’ दिशेला पाटीचा पॉस वजा गाडीची लांबी म्हणजे शेपटाची जागा. शेपूट फलाटाच्या सुरुवातीच्या पुढे आणि तोंड फलाटाच्या शेवटाच्या आत असायला हवं. वरच्या उदाहरणात २१० च्या गाडीचं शेपूट १००२.५ वर येतं, दोन्ही टोकांना अडीच मीटर मोकळे. ‘डाउन’ला वजाबाकीऐवजी बेरीज करायची. ती विसरल्यामुळे अर्ध्या पाट्या लाल दिसण्याचा प्रसंग प्रत्येकावर एकदा येतोच.

दुसरी तपासणी सिग्नलची. त्याच दिशेचा पुढचा सिग्नल पाटीच्या पुढे असायला हवा. पाटी सिग्नलच्या पलीकडे पडत असेल तर मोजणी, दिशा किंवा रूळ, काहीतरी चुकलं आहे. पाटी सिग्नलच्या अगदी पायथ्याशी असेल तर तेही जागेवर जाऊन पाहा, कारण इंजिनाच्या काचेतून सिग्नल दिसायला थोडं अंतर लागतं.

तिसरी तपासणी शेपटाची. तोंड बरोबर जागी असूनही शेपूट मागच्या सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागी) किंवा अ‍ॅक्सल काउंटरच्या (चाकं मोजून रूळ मोकळा आहे का ते ओळखणाऱ्या यंत्राच्या) मागच्या भागात राहत असेल, तर गाडी उभी असेपर्यंत मागचा मार्ग मोकळा होत नाही. ही डेटाची चूक असेलच असं नाही. काही स्थानकांत ते खरंच तसं असतं. पण वेळापत्रक बसवणाऱ्याला ते कळलं पाहिजे, म्हणून लिहून ठेवा.

शेवटी साच्याची तपासणी. रेलएमएलमध्ये गुणांचा क्रम कसाही चालतो, पण गटातल्या घटकांचा क्रम ठरलेला आहे. ‘स्टॉपपोस्ट’ची नोंद बरोबर असूनही साचा नाकारतो तेव्हा बहुधा ती चुकीच्या जागी चिकटवलेली असते. साचा फक्त व्याकरण तपासतो. पाटी फलाटाबाहेर असली तरी तो ‘ठीक’ म्हणेल. म्हणून वरच्या तीन तपासण्या वेगळ्या करायच्या.

एका खांबावर दोन फलक

फलाट दोन्ही संचांना पुरेल एवढा लांब असला की १४० आणि २१० चे फलक कधीकधी एकाच खांबावर असतात. रेलएमएल ३ मध्ये प्रश्न सोपा: एक ‘सिग्नलआयएस’, त्याच्याशी जोडलेल्या दोन ‘स्टॉपिंगप्लेस’. रेलएमएल २ मध्ये त्याच पॉसवर दोन ‘स्टॉपपोस्ट’ लिहावेत. ‘२१० पर्यंत’ मध्ये १४० आलेच, मग दुसरी नोंद कशाला, असं वाटेल. तिचा उपयोग पुढे होतो. पाटी बदलायला आलेला माणूस खांबावर दोन फलक पाहतो आणि फाइलमध्ये एकच नोंद आढळली की कोणाचं बरोबर यावर वाद सुरू होतो.

स्टॉपिंगप्लेस लिहिताना हा बिंदू गाडीच्या कोणत्या भागाचा, हेही सांगता येतं. त्यासाठी ‘ट्रेनरिलेशन’ आहे. ‘एनई ५’ साठी उत्तर कायम तोंड. वेळापत्रकाच्या काही कामांत गाडीचा मध्य धरतात. तिथून आलेला आकडा पाटी समजून घेतला तर लांब गाडीच्या बाबतीत शंभर मीटरचा फरक पडतो.

ओपनस्ट्रीटमॅपवर

इथे ‘रेल्वे=स्टॉप’ अशी खूण रुळावर दिसेल. ती प्रवासी मार्गशोधासाठी असते, अनेकदा फलाटाच्या मध्यावर अंदाजाने टाकलेली. तिला हात लावू नका आणि तिचं रूपांतर पाटीतही करू नका.

पाटीसाठी रुळाच्या रेषेवरच एक नवा बिंदू टाका आणि त्याला या खुणा द्या: ‘रेल्वे=सिग्नल’, ‘रेल्वे:सिग्नल:स्टॉप=डीई-ईएसओ:एनई५’, ‘रेल्वे:सिग्नल:स्टॉप:फॉर्म=साइन’, जोडफलकावरचा मजकूर ‘रेल्वे:सिग्नल:स्टॉप:कॅप्शन’ मध्ये, आणि दोन गोष्टी न विसरता: ‘रेल्वे:सिग्नल:डायरेक्शन’ म्हणजे फॉरवर्ड की बॅकवर्ड, आणि ‘रेल्वे:सिग्नल:पोझिशन’ म्हणजे पाटी रुळाच्या डावीकडे, उजवीकडे की वर.

फॉरवर्ड म्हणजे रेषा ज्या दिशेने काढली ती दिशा. कोणी नंतर रेषा उलटवली तर सगळ्या पाट्यांचे अर्थ उलटतात. जुना रूळ दुरुस्त करताना रेषेवरचे सिग्नल-बिंदू आधी पाहून घ्या, मगच उलटवा.

जवळच दिसणाऱ्या ‘आरए १०’ आणि ‘एसएच २’ या पाट्यांना थांबा-फलक समजू नका. ‘आरए १०’ शंटिंगची मर्यादा दाखवते आणि ‘एसएच २’ हा लाल फलक रूळ बंद असल्याचा. दोन्हींत ‘थांबा’ हा भाव आहे, पण दोन्ही थांबण्याचा हुकूम आहेत. प्रवासी गाडीचं तोंड कुठे ठेवायचं याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. भारतीय मार्गांवर काम करताना शंटिंग मर्यादेच्या फलकाबाबत हीच खबरदारी घ्या. आणि भारतीय पाट्यांना जर्मन खूण लावू नका. ‘डीई-ईएसओ’ म्हणजे जर्मन नियमपुस्तक, दादरच्या फलाटावर त्याचं काम नाही. तिथे देशाचा संकेत ठरलेला नसेल तर पाटीवरचा आकडा कॅप्शनमध्ये लिहून बाकी जागा मोकळी सोडा.